शमीनीथ

उपासनेआधी समुद्रे पाळकांनी बोटानं ओळ दाखवली:
"एवढी नावं तू वाच. अडखळू नकोस."
मत्तिथ्या वाचला. त्याच्या पाठोपाठ
अलीफलेहू.
जीभ घसरली. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली.
मग खासबागेच्या मैदानात जोड पुकारावी
तसं मी ते पुन्हा पुकारलं,
मोठ्यानं, नीट तोडून.

दोनदा आला आणि गेला हा माणूस.
ना बापाचं नाव, ना गावाचं.
आसाफाच्या नावावर गीतं आहेत,
हेमानाला चौदा मुलगे, तीन मुली, सगळे गाणारे.
याला नुसतं काम मिळालं:
कराराचा कोश नगरात येतोय,
शिंगं, कर्णे, पितळेच्या झांजा,
राजा भान हरपून नाचतोय,
आणि तू
तुझी वीणा शमीनीथवर लाव.

शमीनीथ म्हणजे काय, पक्कं कुणालाच ठाऊक नाही.
आठवी तार, म्हणतात कुणी.
कुणी म्हणतं, खालचं सप्तक. म्हणजे आपला खर्ज.
भाऊंना मी हे ओरडून सांगितलं,
भाऊंना सगळंच ओरडून सांगावं लागतं.

उद्यमनगरात एकतीस वर्षं
त्यांनी ओतकामाचे साचे फोडले.
त्या ठोक्यांत आधी चिमण्या गेल्या,
मग कुकरची शिट्टी,
मग आईच्या बांगड्या.
आई गेली त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं,
भाऊंना नुसती उघडी तोंडं दिसत होती.
डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढली:
वरचे सूर संपले.
खालचे आहेत थोडे. जपा.

कसे जपायचे, ते सांगितलं नाही.

रविवारी साडेसातला भाऊ फाटकाचं कुलूप काढतात,
बाक पुसतात, पाण्याचा माठ भरतात,
आणि मी पेटी उघडली की
माझ्या डाव्या हाताला जमिनीवर बसून
लाकडाला तळवा टेकवतात.
नव्या लोकांना वाटतं, म्हातारा आधार घेतोय.

एकोणीस साली पंचगंगा आत शिरली.
तीन दिवस पेटी पाण्यात.
मिरजेहून सिकंदरचाचा आले, भाता काढला,
सुरांच्या पट्ट्या उन्हात मांडल्या,
पापड वाळत घालावेत तशा.
म्हणाले, "बेटी, खर्ज पार गंजलाय.
ही बाजू बंदच करून टाकू?
तुमच्या गाण्यांत इतकं खाली जातंय कोण?"
मी काही बोलायच्या आत
त्यांच्या ओठांकडे बघत बसलेले भाऊ म्हणाले,
"ऱ्हाऊ द्या की.
तितंच तर मी असतोय."

चाचांनी पट्टी घासायला घेतली.
दुपारभर घासत होते. पैसे मात्र
वरच्या सुरांचेच लावले.

तेव्हापासून एक बोट मी खाली ठेवून देते.
गीत कुठलंही असो, वर टाळ्या, डफ,
शुभांगी आवळेचा चढा आवाज,
माझी करंगळी त्या एका सुरावर.
लोक म्हणतात, पेटी घुमतेय जरा.
घुमू दे.

कोशाचे दांडे खांद्यावर वाहणाऱ्यांत
असेल एखादा भाऊंसारखा,
कर्ण्यांच्या शेजारी उभं राहून राहून
कान गमावलेला.
त्याच्यापर्यंत त्या दिवशी काय पोचलं?
माझ्याकडे पुरावा नाही. लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही.
अलीफलेहू या नावाचा अर्थ तेवढा सांगतात:
देव ज्याला वेगळं काढील तो.
त्या गर्दीत तर कुणी काढलेला दिसत नाही.

उपासना संपली. माठ उपडा झाला.
फाटकापाशी भाऊ थांबले,
"कुणाच्या नावाला हसत हुती रं पोरं?"
मी तोंड मोठं करून सांगितलं.
"अलीभाऊ?"
मान हलवली, पुन्हा सांगितलं.
"अलीभाऊच की. कुठल्या खात्यात हुता?"

"खालच्या," मी म्हणाले.

त्यांनी जरा आठवून पाहिलं.
"आसंल मग वळखीचा,"
आणि कुलूप लागल्याचं
हाताला कळेपर्यंत
किल्ली धरून राहिले.